सांडव्यावरची फायनल

...नाही, पण मला एक सांगा, सांडवा कशासाठी असतो? धरण भरलं की जादा पाणी बाजूनं निघून जावं, भिंतीच्या डोक्यावरून जाऊ नये, एवढ्यासाठीच ना? आमचं धरण म्हणजे काय, मातीची भिंत हो, दोन पुरुष उंच, नव्वद पावलं लांब, दोन टेकड्यांच्या मध्ये, मागे पाणी, पाण्यात तिलापिया मासे आणि दुपारभर अख्ख्या गावाच्या म्हशी. वडिलांनी बांधलं. आणि एका कडेला, भिंतीच्या माथ्याहून दोन हात खाली, रुंद सपाट पट्टा मोकळा सोडला, तो सांडवा. जाताना मला जवळ बोलावलं, मला वाटलं आता आईचं काहीतरी सांगणार, तर म्हणाले, "एल्पिदियो, सांडव्यात काही उभं राहू देऊ नकोस." झालं. डोळे मिटले.

बरं, धरण कुणाचं? भाताला पाणी हवं तेव्हा सगळ्या गावाचं. मासे धरायचे तेव्हा सगळ्या गावाचं, शेजारच्या गावाचंसुद्धा. पण उंदरांनी भिंत पोखरली, पायथ्याला ओल आली, की सगळे माझ्याकडे वळणार, "धरण तुझं ना, एल्पिदियो?" हो बाबा, माझं.

आता आमचे मेहुणे. फ्लोरांते. बायकोचा धाकटा भाऊ, खालच्या वाडीत राहतो, धरणाच्या अगदी पुढ्यात, एकोणीस घरांची वाडी आहे ती. तुम्हाला सांगतो, ह्या माणसाला कुठेही सपाट जागा दिसली की त्याच्या डोळ्यांसमोर बास्केटबॉल उसळायला लागतो. आणि आमच्या डोंगराळ गावात सपाट जागा दोनच, एक माझं भात वाळवायचं अंगण आणि दुसरा तो सांडवा. आधी म्हणाला, मानोंग, म्हणजे आमच्या बोलीत दादा, एक खांब रोवतो फक्त. रोवला. मग दुसरा. मग म्हणे चेंडू नीट उसळत नाही, म्हणून काँक्रीट ओतलं. मग बांबूच्या बाकड्यांची रांग. मग चेंडू घरंगळत खालच्या अळूच्या शेतात जायला लागला, म्हणून साहेबांनी काय करावं? सांडव्याच्या तोंडाशी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, छातीइतकी विटांची भिंत! वर निळ्या रंगात लिहिलं, 'शुभेच्छुक: एल्पिदियो आणि कुटुंब'. मला विचारलंसुद्धा नव्हतं हो. आणि फीत कापायला कोण? आमच्या गावच्या प्रमुख, कापिताना लेओनिला. त्यांनी भाषणात माझे आभार मानले, मीही मान डोलावली... खोटं कशाला बोलू, नाव बघून जरा बरं वाटलं होतं.

आणि मग आल्या इंजिनिअरबाई. दुमलाओ त्यांचं नाव, तरुण, पायात गमबूट. खासगी धरणांची तपासणी करत गावोगाव फिरत होत्या. माथ्यावरून चालल्या, झाडं बघितली, म्हणाल्या काढा, मुळं भिंतीत शिरतात. उंदरांची बिळं मोजली. पायथ्याशी टाच दाबून बघितली, म्हणाल्या पाझर आहे, पण पाणी नितळ आहे, रोज बघत जा, गढूळ दिसलं तर कळवा. मी मान डोलावतोय. मग त्यांनी विचारलं, सांडवा कुठाय? मी बोट दाखवलं. तिकडे दहा माणसं धावतायत, शिट्टी वाजतेय, कुणीतरी केळी तळतंय.

बाईंनी वाकून खालच्या वाडीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मानोंग, मातीवरून पाणी गेलं ना, तर ही भिंत संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकणार नाही. खाली घरं किती?"

मी सांगितलं, एकोणीस.

मी त्याच दिवशी कापितानांकडे गेलो. त्या म्हणाल्या, लीग चालू आहे, शनिवारी फायनल, वरची वाडी विरुद्ध खालची वाडी, आता भिंत पाडली तर लोक मला पाडतील, आणि तसंही, धरण तुझं ना, एल्पिदियो? फ्लोरांतेकडे गेलो. तो म्हणाला, रविवारी सकाळी पाडतो, शब्द देतो. त्याची बायको मेर्सी आठव्या महिन्याचं पोट सांभाळत दारात उभी होती, तिनं मला कॉफी दिली. मी ती प्यायलो आणि परत आलो. इथे मी चुकलो, मान्य आहे. पण माणूस कॉफी प्यायल्यावर भांडणार कसा?

बुधवारपासून पाऊस. गुरुवारी पाऊस. शुक्रवारी तर काय विचारू नका. शनिवारी दुपारी दोन वाजता फायनल सुरू झाली तेव्हा मैदानात घोट्याइतकं पाणी! तुम्हाला वाटेल सामना रद्द झाला असेल. छे! दोन्ही संघांनी ठरवलं, चेंडू उसळवायचा नाही, नुसता फेकायचा. तीनशे लोक छत्र्या घेऊन बसलेत, आणि दर वेळी कुणी घसरला की टाळ्या.

मी आपला माथ्यावर, वेताची काठी रोवून, खुणा बघत. घोट्याचं गुडघ्यापर्यंत आलं. डोंगरात मोठी सर कोसळली असणार, कारण पाणी नुसतं चढत नव्हतं, धावत होतं. फायनल एकसष्ट-एकसष्ट, चार मिनिटं बाकी, आणि मी पहार घेऊन मैदानात! लोकांनी काय हुर्यो केली! पंचानं शिट्टी मारून मला फाउल दिला. मला! साठीच्या माणसाला! पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "धरण तुझं ना, एल्पिदियो? मग धरणाकडे बघ, खेळात कशाला येतोस?"

मी त्या सगळ्यांना सोडलं आणि थेट फ्लोरांतेपाशी गेलो. त्याला काठीवरची खूण दाखवली. धरणाच्या माथ्याला दीड वीत राहिली होती.

त्यानं खूण बघितली. मग खाली वाडीकडे बघितलं. त्याचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. हळूच म्हणाला, "मेर्सीला वर आणायला वेळ आहे?"

मी म्हटलं, "मेर्सीला आणायला आहे. एकोणीस घरांना नाही."

चेंडू त्यानं पाण्यात सोडून दिला. कापितानांना ओरडून सांगितलं, वाडी रिकामी करा, आणि घण घेऊन काठावर चढला. आपल्या हातानं रचलेली भिंत, हो, आपल्याच हातानं, कडेकडून फोडायला लागला. वरच्या वाडीचा सगळ्यात उंच खेळाडू दुसऱ्या टोकाला भिडला, बाकीचे सगळे बाकडी सोडून टेकडीकडे पळाले. मीही पहार चालवत होतो, आणि एवढं रडू येत होतं की पाऊस होता म्हणून वाचलो. आठव्या-नवव्या घावाला कोपरा सुटला, आणि मग पाण्यानं आमची वाट बघितली नाही. भिंत गेली, बाकडी गेली, दोन्ही खांब गेले, केळी तळायची कढई गेली, माझं नावही गेलं! पाणी खालच्या ओढ्यात घुसलं, अळूचं शेत झोपलं, दोन घरांच्या उंबऱ्याला पाणी लागलं. तेवढंच. काठीवर पाणी उतरायला लागलं तेव्हा फ्लोरांते चिखलात बसला. मेर्सी तोवर टेकडीवर पोचली होती, तिथून तिनं त्याला अशा काही शिव्या दिल्या... तीनशे लोकांनी मान खाली घालून ऐकल्या.

मग शांतता? कसली शांतता! फायनल अर्धवटच राहिली होती ना. गावाची बैठक झाली. सांडव्यात परत कुणी खिळासुद्धा ठोकणार नाही, हे एकमतानं ठरलं. मग मैदान कुठे? माझं अंगण! मी तोंड उघडलं तर बायको म्हणाली, मी हो सांगून आलेय, भाऊ माझा आहे.

आता रोज चारनंतर माझ्या दारात वीस माणसं धडपडतायत, चेंडू स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपटतोय, आणि बायको खिडकीतून गुण ओरडतेय. घरात बसवत नाही. मी आपला उठतो, धरणावर जातो. पाझर बघतो, बिळं बुजवतो, अंधार पडला की परत येतो. गेल्या आठवड्यात इंजिनिअरबाई अचानक आल्या, मला पायथ्याशी उकिडवा बसलेला बघितलं आणि वहीत लिहून घेतलं, म्हणाल्या, "मानोंग, धरणाची इतकी मनापासून काळजी घेणारा मालक मी अख्ख्या प्रांतात बघितला नाही."

काय सांगणार? मान डोलावली.