टेबलावर उरलेली बॅटरी

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. दुसऱ्याचं आयुष्य लिहायचा मला काय अधिकार, हे कळतं, तेव्हा चुकलं तर माफ करा. पुंडलिकनगरातले आमचे शेजारी रफिकचाचा जुने मोबाइल दुरुस्त करून विकतात. ते बोलले, मी उतरवून घेतलं.

आमचे अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे, मी मोबाइल. काय सांगू तुम्हाला, गिऱ्हाईक म्हणतं, चाचा, सेकंडहँडच ना, मग एवढी इंग्रजी नावं कशाला? मी म्हणतो, बेटा, यूज्ड म्हंजे वापरलेला, हाय तसा घे. ओपन बॉक्स म्हंजे कुणीतरी डबा उघडून परत केलेला. रिफर्बिश्ड म्हंजे तपासून, बिघडलेलं बदलून दिलेला. आन् ए ग्रेड, बी ग्रेड हे नुसतं वरच्या चेहऱ्याचं, पोटातलं त्यात काय नाय. लोकं इथंच फसतात. लोकं काय, मीच फसलो.

त्या दिवशी तीन फोन, तिन्हींच्या बॅटऱ्या बदलायच्या. एक तर चार्जिंगला लावला की तव्यावाणी तापायचा, पण दिसायला चकाचक, ओरखडा नाय, म्हणून ए ग्रेडचं स्टिकर आधीच मारलं. दुपारी पार्सलवाला दारात, चाचा जल्दी करो, चाचा जल्दी करो. मी स्टिकर बघितलं आन् फोन रिफर्बिश्डच्या डब्यात भरला. संध्याकाळी टेबल पुसतो तर नवी बॅटरी एक उरलेली. तीन आणल्या, दोन लागल्या. तापणाराच गेला व्हता, वैजापूरला, एका बाईकडं. मला म्हणली व्हती, तान्ह्या लेकराच्या उशाशी गाणी लावायला पाहिजे.

फोन लावतो तर बंद. जुना बिघडला म्हणूनच तर तिनं घेतला. पुन्हा लावतो, पुन्हा बंद. बायको म्हणली, अजी, पार्सल वाटंतच असंल, दोन घास खा. ताट सारलं, परत नंबर लावला. तिसऱ्या दिवशी बसस्टँडला निघालो आन् तिचाच फोन आला. म्हणली, सिम नवऱ्याच्या फोनात घातलंय. तुमचा चार्जिंगला लावला तर झाकण उचकटलं, धूर निघाला, नवऱ्यानं अंगणात फेकला, त्याचा हात भाजला. मी म्हणलं, आन् लेकरू? ती म्हणली, आजीच्या मांडीवर व्हतं, त्याला काय नाय झालं.

मग म्हणली, चाचा, तुमच्या एवढ्या मिस कॉलचे मेसेज आलेत. तुम्हाला ठाऊक व्हतं?

व्हय ताई, म्हणलं मी.