आवळायचे राहिलेले बोल्ट

मास्तरीणबाईंचं पंक्चर कधीच निघालं होतं, पण त्या उठतायत कशाला? कान जुन्या मोटारीपाशी होते. तिथे मालक मेस्त्रीला विचारत होता.

"सस्पेन्शनचे बोल्ट ढिले? कालच दादानं बसवलेत!"

"जॅकवर ढिलेच ठेवतात. गाडी चाकांवर उतरवून वजन पडलं की मग आवळायचे. नाहीतर आतलं रबर पिळवटतं."

"ठाऊक आहे. दादानंच शिकवलंय."

"मग शेवटी आवळायचं विसरले असतील."

"दादा? तो बंद नळसुद्धा दोनदा बघतो."

"तुमच्या वडिलांचं घर कुणाला गेलं?" मेस्त्रीनं विचारलं.

"मला. परवाच."

मेस्त्रीनं पाना उचलला. "आवळू ना?"

"थांबा. आधी दादाला बोलावतो. म्हणतो, गाडी घेऊन जरा चक्कर मारून ये. बघू, बसतो का."