अर्जातलं कारण

निपाणीच्या वीज कार्यालयात रांगेत रचनाच्या पुढं म्हाताऱ्या जयाबाई उभ्या होत्या. मीटर वाचणारा आनंद आपलं मशीन परत द्यायला आलेला त्यांना दिसला.

“दोन महिनं झालं, आला न्हाईस रं?”

“नवा मीटर बसलाय न्हवं, आक्का. आकडा आपोआप हापिसात येतोय. आमचं काम संपलं.”

“मग आता?”

“हुबळीच्या गोदामात पार्सलं उचलायला जातोय उद्या.”

“तेवढा अर्ज लिहून देऊन जा. जुना मीटर परत बसवा म्हणून.”

“तसं करत न्हाईत, आक्का.”

“तू लिही.”

“कारण काय लिहू?”

“लिही, आता घराकडं कोण येत न्हाई.”

आनंदनं रचनाकडनं पेन घेतलं आणि तसंच लिहिलं.