चौथी हाक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय न्यायाधीश महोदय. व्यासपीठावरचे ज्येष्ठ वकील विजयसिंहदादा. सत्कारमूर्ती मौलाचाचा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या खतिजाचाची, आणि माझ्या वकील व कर्मचारी बंधुभगिनींनो,

निवृत्त होणाऱ्या माणसाविषयी गोड बोलायचा रिवाज आहे. माझ्याकडे गोड थोडंच आहे, हे आधीच सांगते. मौलाचाचा आपल्या कौटुंबिक न्यायालयात पुकारा करणारे शिपाई. नाव तीनदा पुकारायचं, पक्षकार आला नाही तर पुढचा हुकूम, हा आपला शिरस्ता. चाचा मात्र जिना उतरून, फाटकापर्यंत जाऊन चौथ्यांदा पुकारायचे. ही हाक त्यांच्या पदरची. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "वकीलबाई, जेवायला बोलावताना कोण हाका मोजतंय व्हय?"

क्रांतीताईंची परवानगी घेऊन एक गोष्ट सांगते. त्या कोडोलीच्या, माझ्या पक्षकार. नवरा अमरसिंह उचगावचा. मुलगी वर्षाराणी तेव्हा पहिलीत होती. लेकीच्या पोटगीचा हुकूम झाला, पण दोन वर्षं दमडी आली नाही. उलट, 'काम सुटलंय, पोटगी रद्द करा' असा अर्ज मात्र आला. बापाचं काम सुटलं म्हणून लेकीची भूक थांबते का? मला त्या माणसाचा राग होता, आजही आहे. शेवटी न्यायालयानं बजावलं, थकलेले पैसे भरा, नाहीतर महिनाभर कैद.

त्या तारखेला चाचांनी तीनदा पुकारलं. कोणी आलं नाही. ते जिन्याकडे वळले, तर वर्षाराणीनं त्यांचा सदरा धरला. खाली चहाच्या गाड्यापाशी उभा असलेला बाप तिला खिडकीतून दिसला होता. म्हणाली, "चाचा, हळू हाक मारा की. पप्पा खालीच हायेत. वर आले तर पोलीस नेतील."

आपण काय केलं असतं? चाचांनी सदरा सोडवला आणि मोठ्यानंच पुकारलं. अमरसिंह वर आला. पैसे नव्हतेच. पोलीस त्याला घेऊन गेले. लेक रडलीसुद्धा नाही. चाचांनी दिलेली लिमलेटची गोळी तिनं बाकावर ठेवली आणि आईच्या मागून निघून गेली.

पुढे पोटगी नियमित आली. तुरुंगाला भिऊन आली, पण आली, आणि तिच्यावरच वर्षाराणी शिकून नर्स झाली. अमरसिंह मात्र लेकीला भेटायला एकदाही फिरकला नाही. आम्हा वकिलांच्या लेखी प्रकरण मिटलं. चाचांच्या लेखी नाही. ते म्हणायचे, "पैसं आलं, बाप न्हाय आला. माझी हाक अर्धीच पोचली."

गेल्या महिन्यात हातकणंगल्यात वर्षाराणीचं लग्न झालं. तिनं बापाला पत्रिका धाडली होती. चाचाही आले होते. कन्यादानाच्या वेळी भटजींनी वधूपित्याला बोलवायला सांगितलं, तसा मामा पुढे सरसावला. वर्षाराणीनं त्याला हातानं थांबवलं आणि चाचांकडे बघून म्हणाली, "चाचा, आज मोठ्यानं मारा हाक."

चाचा मांडवाच्या दारात गेले. अमरसिंहाच्या नावानं तीन हाका मारल्या. वाजंत्री थांबली होती. मग रस्त्यापर्यंत चालत जाऊन त्यांनी चौथी मारली. मी त्यांच्या मागेच उभी होते. रस्त्यावर कोणी नव्हतं. कन्यादान मामानं केलं.

चाचा, उद्यापासून आपल्या जिन्यात तीनच हाका ऐकू येतील. मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल सर्वांची ऋणी आहे. सत्काराच्या दिवशी सत्कारमूर्तींच्या डोळ्यांत पाणी आणलं, एवढी चूक पोटात घाला. नमस्कार.