सुनेचा निकाल

कॉलेजात शिष्यवृत्तीच्या खिडकीशी माझ्यापुढे एक सासू-सून उभ्या होत्या.

"आई, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हातान्हात?"

"मागच्या सत्रात तुझे दोन विषय राहिले, तेव्हा एकटीच मान खाली घालून आली होतीस. आज मी येणारच."

"तेव्हा बाळंतपण होतं."

"ते या रांगेतल्यांना कुठे ठाऊक? या वेळी एक जरी विषय राहिला असता, तरी शिष्यवृत्ती बंद!"

"तुम्ही बाळाला सांभाळलंत म्हणून जमलं."

"बाळाला मी सांभाळलं गं. पेपर काय मी लिहिले?"

तेवढ्यात खिडकीतल्या बाई निकाल बघून म्हणाल्या, "सगळे विषय सुटलेत. शिष्यवृत्ती चालू राहील."

"जरा मोठ्यानं सांगा हो बाई, रांग लांब आहे."