कुटुंब तयार आहे का?

संयोगिता : गाडी चालू करू का नको, तेवढं सांग. वर जाऊन घर बघितलंस, सामान मोजलंस, आणि खाली येऊन तोंड पाडून बसलीयस.

शांभवी : थांबा की मॅडम जरा.

संयोगिता : कंपनीचा फोन येईल आता. विश्वजितरावांना सोमवारी गुजरातच्या प्लँटवर हजर व्हायचंय. कुटुंब तयार हाय का, एवढंच विचारतील ते. तू व्हय म्हणायचंस. बदलीवाल्यांचं बिऱ्हाड हलवायचं हे तुझं शेवटचं प्रॅक्टिकल. मी सही करतो, की तू पक्की सल्लागार. सर्टिफिकेट, नोकरी, सगळं.

शांभवी : व्हय म्हणता येत नाही मला.

संयोगिता : का? बायको नको म्हणती? कोल्हापूर सोडायचं म्हटलं की सगळ्याच म्हणतात.

शांभवी : नको म्हणाल्या नाहीत. घरच्या बाईशी नवऱ्याच्या माघारी बोलायचं, असं कोर्समध्ये शिकवलंय की. म्हणून स्वयंपाकघराचं माप घ्यायचं सांगून मी दार ओढून घेतलं. क्रांतीताईंना विचारलं, तिकडं गेल्यावर कशाची काळजी वाटते. मला वाटलं शाळा म्हणतील, पाणी म्हणतील.

संयोगिता : मग काय म्हणाली?

शांभवी : तिथं खाली कोण राहतं, म्हणाल्या.

संयोगिता : खाली म्हणजे?

शांभवी : इथं खालच्या मजल्यावर सासू राहते त्यांची, तानाबाई. वर आवाज चढला की त्या जिना चढून येतात आणि दारात उभ्या राहतात. बोलत काहीच नाहीत. पण आई दिसली की विश्वजितरावांचा हात खाली येतो.

संयोगिता : मारतो?

शांभवी : बाही वर करून दाखवली त्यांनी.

संयोगिता : तू काय बोललीस त्यावर?

शांभवी : कुणाला सांगणार नाही म्हणाले.

संयोगिता : आणि आता मला सांगितलंस. अगं, घरातलं बोलणं कंपनीला कळू द्यायचं न्हाई, हे खरं. पण जिवावर बेतण्यासारखं असलं तर मार्गदर्शकाला सांगायचं, आणि सांगणार हाय हे त्या बाईला तोंडावर सांगायचं. शब्द द्यायचा न्हाई.

शांभवी : पाठ आहे मला. लेखी पेपरात लिहिलंय की. पण तो दंड बघितला आणि तोंडातनं भलतंच आलं.

संयोगिता : बरं. आता बदली थांबवा म्हणून सांगायचं कंपनीला? कारण विचारतील. ते फिरून त्याच्याच कानावर जाणार.

शांभवी : आणि व्हय म्हटलं तर आपणच नेऊन सोडतोय त्यांना, आपल्याच ट्रकमधनं. तिकडचा बंगला मीच शोधलाय मॅडम. शेजार नको, एका बाजूला पाहिजे, ही विश्वजितरावांची अट होती. मला वाटलं, शांतता आवडत असेल माणसाला.

संयोगिता : आली बघ ती खाली. काच उतरव. चेहरा नीट कर आधी.

क्रांती : टेप विसरलात तुम्ही. ओट्यावर राहिला होता. ... या मॅडमना सांगितलंत ना?

शांभवी : सांगितलं, ताई. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं आधी. चुकलं माझं.

क्रांती : वर बघू नका. ते गॅलरीत उभे आहेत.

संयोगिता : क्रांतीताई, ही माझ्या हाताखाली शिकती. आम्हा दोघींच्या पलीकडं हे जाणार न्हाई. तुमच्या मनात काय हाय?

क्रांती : बदली थांबवू नका. थांबली तर मीच काहीतरी केलं असं होईल.

संयोगिता : अशा कामात मदत करणाऱ्या एक बाई हायत ओळखीच्या. नंबर देतो.

क्रांती : नंबर आहे माझ्याकडं. नंबर जिना चढून येत नाही.

शांभवी : मॅडम, तिकडच्या शाळेनं ताईंच्या मुलीला अजून जागा दिलेली नाही. जूनशिवाय सांगत नाही म्हणाले. विश्वजितरावांना बोलले होते मी, तर म्हणाले, तिथं गेल्यावर बघू.

संयोगिता : खरंच दिलेली न्हाई?

शांभवी : खरंच.

संयोगिता : मग नोकरीवाला आधी जाऊ दे, घरचे शाळेचं झाल्यावर. अशा बदल्या ढिगानं केल्यात आपण. ताई, जूनपर्यंत इथं राहायला मिळालं तर?

क्रांती : माझा भाऊ आहे आजऱ्याला, ज्ञानू. त्याला काहीच माहीत नाही. हे घरात असताना फोनवर बोलता येत नाही मोकळं. मिळालं तर... मिळालं तर सांगेन त्याला.

संयोगिता : जावा आता वर. टेप द्यायला एवढा वेळ लागत न्हाई.

शांभवी : मॅडम, अर्धंच बिऱ्हाड गेलं तर माझं प्रॅक्टिकल धरतील?

संयोगिता : न्हाई धरत. पूर्ण कुटुंब पोचवायला लागतंय. तोवर शिकाऊच तू.

शांभवी : अप्पांनी अख्ख्या गडहिंग्लजात सांगून ठेवलंय, पोरगी या महिन्यात पक्की होणार म्हणून.

संयोगिता : मग काय करू?

शांभवी : लावा फोन.

संयोगिता : हॅलो, विश्वजितराव? संयोगिता बोलतोय, खालनंच. शाळेचं अडलंय हो. ... व्हय, पण पोरीचं वर्ष गेलं तर आम्हालाच बोलणार तुम्ही. ... छे, वहिनी काय म्हणत न्हाईत, त्या निघायला तयारच हायत. मीच नको म्हणतो. तुम्ही पुढं व्हा. एकट्याला बंगला कशाला, कंपनीचं गेस्ट हाऊस हाय की. ... कंपनीशी मी बोलतो. खर्च त्यांचाच, तुम्हाला तोशीस न्हाई. ... बघा विचार करून. थांबलोय मी.

शांभवी : काय म्हणाले?

संयोगिता : बघतो म्हणाला. फार गोड बोलतोय. मला ते आवडलं न्हाई.

शांभवी : आत गेले ते. गॅलरीचं दार लावून घेतलं. मी वर जाऊ?

संयोगिता : बस. आत्ता गेलीस तर तिच्यावरच येणार. खालच्या मजल्याकडं लक्ष ठेव. म्हातारी जिना चढायला लागली तर दोघी जाऊ मागनं.

शांभवी : दार उघडलं. बाहेर आल्या तानाबाई.

संयोगिता : चढतायत?

शांभवी : नाही. वर कान देऊन उभ्या आहेत. ... पायरीवर बसल्या, मॅडम. बसल्या.

संयोगिता : तुझा फोन वाजतोय. घे.

क्रांती (फोनवर) : हॅलो, क्रांती बोलतेय. हे म्हणतात, मी एकटाच पुढं जातो.

शांभवी : ताई, तुम्ही ठीक आहात?

क्रांती : हो. इथंच आहेत ते, बाजूला. सामानाचं विचारून घे म्हणाले. ट्रकमध्ये काय द्यायचं मग?

शांभवी : त्यांचं तेवढंच. कपडे, गादी, चार भांडी.

क्रांती : कुकर?

शांभवी : लहान असला तर द्या.

क्रांती : आहे लहान. मोठा मग इथंच राहू दे.