खालची ओळ

…अन् वरून मलेच म्हणतेत, 'मुख्तार, केंद्र तूच बंद पाडलं!' म्या? अरे, केंद्राचा ल्यापटॉप वजनकाट्यावरून कोणं पाडला? म्या का? तुमाले सांगतो, लोहाऱ्याकडल्या एका खरेदी केंद्रावरची गोष्ट. कापसाले बाहेर कुत्रं विचारत नव्हतं ना, त्या सालची. दीडशे गाड्या रांगेत, अन् माही ट्रॉली साठ नंबरवर. दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं असलं तरी घरी चार एकर कापसाची पऱ्हाटीबी हाय ना बापा! माही बायको शबाना त्या कापसाच्या ढिगावर बसलेली, येचून येचून बोटं फुटलेली तिची. अन् वणीकडून आभाळ काळंभोर चढून राह्यलं होतं.

तेवढ्यात कापसाची प्रत ठरवणारे केंद्राचे ग्रेडर कमलाकर साहेब धावत आले. 'मुख्तार, चाल लवकर, पडदा पाह्य!' ल्यापटॉप पडला तवापासून त्याचा सोताचा पडदा मेलेला. म्हणून साहेबानं व्हरांड्यात एक जुना चौकोनी मॉनिटर जोडून लोकायकडं तोंड करून ठेवला होता. वरच्या ऑफिसातून सूचना यायच्या, त्या याच्यावर वाचायच्या. पण ल्यापटॉपले वाटे आपला रुंद पडदा जित्ताच हाय! तो त्याच्याच मापाचं चित्र धाडे, अन् या चौकोनात ते मावेच ना. भाव दिसे, तारीख दिसे, साहेबाचं नाव दिसे… पण खालची ओळ काही दिसेना! नुसती वरची रेघ अन् रेघेवरची टिंबं.

मग काय, अंदाज सुरू! रांगेतली नंदाबाई म्हणे, 'बोनस लिहिला असन वं माय!' माया ट्रॉलीमागं एकसष्ट नंबरचा देवीलाल, तो म्हणे, 'चांगलं असतं तं लपलं असतं का, मुख्तारभाई?'

वायर काढून फुंकली, पुन्हा खोचली. मॉनिटरचं बटन दाबलं, तं चित्र डावीकडं सरकलं. माप बदललं, तं अक्षरं इतकी मोठी झाली का एक 'कापूस'च अख्ख्या पडद्यावर! अन् दर बारीले तो ल्यापटॉप इचारे, 'हे बदल ठेवायचे का?' पंधरा… चौदा… तेरा… अन् 'हो' म्हणाचं बटन कुठं? पडद्याच्या खाली! शून्य झालं का सारं जसंच्या तसं. सगळं करून पाह्यलं… पण खालची ओळ काही दिसेना!

तिकडं पुकारा झाला, 'साठ नंबर!' अन् इकडं ढग असा गरजला का देवीलालचे बैलच बिचकले. 'मुख्तारभाई, बैल थांबून नाही राह्यले!' आता मी कोण? साहेबाच्या टेबलाशी बसलेला माणूस! म्या ऐटीत म्हटलं, 'घाल तुही गाडी पुढं. माहा कागद घे, तुहा मले दे. एका नंबरानं काय होते?' ढिगावरून शबाना वरडली, 'अजी, नंबर कायले देता?' म्या म्हटलं, 'साहेब आपल्या हातात हाय, तू ताडपत्री धर!'

अन् मग डोक्यात उजेड पडला. ल्यापटॉपले सांगितलं, बाबा, तुहा पडदा मेला हे मान, फक्त दुसराच वापर! अन् माप घातलं मॉनिटरचं. पडदा काळा झाला. सारी रांग माना उंच करून पाहे. बैलबी! …अन् आला ना! चारी कोपरे भरून, लख्ख! काय टाळ्या वाजल्या म्हणता!

मग टाळ्या थांबल्या. पह्यले पुढच्यायच्या, मग मागच्यायच्या. खालची ओळ दिसून राह्यली होती…

'गाडी क्रमांक साठनंतर खरेदी पुढील आदेशापर्यंत बंद.'

काट्यावर देवीलालची गाडी. माया खिशात एकसष्टचा कागद. अन् हातावर पाण्याचा पह्यला थेंब, टप्पकन. शबानाकडं पाहाची हिंमत नाही झाली माही. ती एकटीच ताडपत्री वढत होती, अन् ताडपत्री काही कापसाले पुरत नव्हती.

इकडं मॉनिटर इचारून राह्यला, 'हे बदल ठेवायचे का?' पंधरा… चौदा… आता 'हो'चं बटन चांगलं दिसत होतं हो! म्या माउसवरचा हातच काढून घेतला. तीन… दोन… एक… अन् गेली ओळ खाली.

साहेब आतून वरडले, 'काहून रे मुख्तार, पुन्हा बिघडलं का?'

म्या म्हटलं, 'नाही साहेब… आताच बरोबर दिसून राह्यलं.'